हाताला येणारी फळी

फळीवर डोकं आपटलं आणि हातातली किसणी परातीत पडली. सकाळपासूनची ती तिसरी खेप होती.

"अगं, जरा वाकून उठ की," द्वारकाआत्या मोरीपाशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही.

"वाकलेलीच होते. वाकूनच कैरी किसत होते. उठताना लागलं."

"मग उठताना मागं सरून उठावं."

माझं घर, माझं स्वयंपाकघर, माझा ओटा आणि मी मागं सरून उठायचं! मी डोकं चोळत मागं सरले, तर ओट्याखालच्या त्या लांबलचक पायपाटाला टाच अडकली आणि पडता पडता वाचले. वर फळी, खाली पाट. मधे जेवढी जागा उरेल तेवढी माझी.

"लागलं का?" आत्यांनी विचारलं.

"नाही. आवडलं," मी म्हणाले.

त्यांना टोमणे कळत नसत. किंवा कळत असतील, पण त्या ते विसळून पालथे घालून ठेवत.

पाडव्याला आम्ही सावेडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. त्याआधीची सगळी वर्षं गावातल्या मोठ्या घरात, माझ्या थोरल्या जाऊबाई प्रमिलावहिनी यांच्या राज्यात काढली. वहिनी वाईट नव्हत्या. पण त्या घरात मी इतक्या पोळ्या लाटल्या आणि मिठाची बरणी कुठं ठेवावी हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. मी पोस्टात काउंटरवर होते. दिवसभर लोकांना 'इथं सही करा, तिथं तिकीट लावा' असं सांगणारी मी, घरी आले की डाव कुठल्या खिळ्याला अडकवायचा हे दुसऱ्याला विचारत होते. त्यामुळे मला फ्लॅटचं कौतुक नव्हतं, बाल्कनीचं नव्हतं, मला फक्त ते स्वयंपाकघर हवं होतं. एका मासिकातलं चित्र कापून मी पर्समध्ये ठेवलं होतं. पांढरी कपाटं, बंद दारं, एकसारख्या बरण्यांची रांग आणि बाकी काही म्हणजे काही नाही.

घर पाहावं बांधून, म्हणतात. बांधून झाल्यावर आत काय ठेवायचं याबद्दल मात्र म्हण काही बोलत नाही. बँकेचा हप्ता सुरू झाला आणि पांढरी कपाटं चित्रातच राहिली. तरी मी ठरवलं होतं, असू दे, हळूहळू करू. पण करीन ते माझ्या मनाने. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वहिनी येतील तेव्हा घर लागलेलं हवं, आणि ते मी लावलेलं हवं.

आणि मग माझे यजमान मोहनीराज एका रविवारी आत्यांना घेऊन आले. "आठ दिवस राहतील. तुझी ड्युटी, नवीन घर, तुला हात होईल," म्हणाले.

द्वारकाआत्या म्हणजे यांच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि त्या भावांकडे परत आल्या. भाऊ होते तोवर भावांकडे, मग पुतण्यांकडे. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाकडे पापडकुरडया. जिथं गरज असेल तिथं आत्या. एक खाकी पिशवी घेऊन येत, ती दारामागच्या खिळ्याला भरलेलीच अडकवून ठेवत आणि काम झालं की तीच पिशवी घेऊन पुढच्या घरी. सगळे म्हणत, आत्यांच्या हाताला चव आहे. हाताबद्दल सगळे बोलत. आत्यांबद्दल कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मीही बोलले नव्हते. मला तर त्या तेव्हा डोक्यावर मिरे वाटायला आल्यासारख्या वाटत होत्या.

कारण आत्यांनी घर लावायला घेतलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला मान्य होतं. पण आत्यांनी अंथरूणच उसवलं आणि त्याचे पडदे केले. त्यांना स्वतःच्या जुन्या नऊवारीचे काठ लावले. गावात एक जुनं थिएटर पाडत होते. तिथून एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या हातगाडीवर घालून आणल्या. पाठीवर नंबर रंगवलेले, आणि माणूस उठला की बैठक 'थाड' करून मिटायची. तेलाच्या डब्यांना गेरू फासून त्यांत पुदिना आणि गवती चहा लावला. एका शाळेने मोडके बाक विकायला काढले होते, त्यांच्या फळ्या आणल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, खालच्या दवाखान्यातल्या आयांकडून, देव जाणे कुणाकुणाकडून काचेच्या रिकाम्या बरण्या जमवल्या. दोन एकसारख्या असतील तर शपथ.

"आत्या, या बरण्यांना काही मेळ नाही हो."

"कशाला हवा मेळ? सगळ्या सारख्या असल्या की साखर समजून मीठ पडतं."

"मी चिठ्ठ्या लावीन."

"चिठ्ठ्या वाचत बसशील की फोडणी बघशील?"

मी यांच्याकडे बघायची. हे पेपर वाचत 'छान दिसतंय की' म्हणायचे. यांना गोठ्यात ठेवलं असतं तरी 'हवेशीर आहे' म्हणाले असते.

आणि आठ दिवस? ते कधीच उलटले होते. मी ड्युटीवरून येई तेव्हा घरात काहीतरी नवीन झालेलं असे. आज चमच्यांना खिळे, उद्या कांद्यांना शिंकं. आणि एका संध्याकाळी दार उघडून आत येते तो ओट्यावर फळी ठोकलेली! शाळेच्या बाकाची चांगली रुंद फळी, त्यावर सगळ्या विजोड बरण्या मांडलेल्या, आणि ती बरोब्बर माझ्या नाकासमोर. मी तशी ताडमाड बाई. पोस्टात वरच्या कप्प्यातलं काही काढायचं असलं की शिपायाला सोडून मलाच हाक मारत. ओट्याशी वाकले की फळी डोक्यावर, उभी राहिले की डोळ्यांत.

"ही इतकी खाली का घेतली?" मी किंचाळलेच.

"हाताला आलं पाहिजे," आत्या म्हणाल्या. नव्या फळीवरून ओलं फडकं फिरवत होत्या. "स्वयंपाकघरात रोज टाचा उंचवाव्या लागल्या की बाई लवकर म्हातारी होते."

"आणि रोज डोकं आपटलं की?"

"सवय होते गं."

त्या फळीच्या अगदी कोपऱ्यात एक लहानसा पितळी डबा होता. माझ्या ओळखीचा नव्हता. आत्यांचा असणार, लवंग-सुपारीचा. चिडले होते म्हणून तेव्हा तिकडे फार बघितलं नाही.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. तोपर्यंत मी यांना बजावून ठेवलं होतं, हे एकदा पार पडू दे, ज्याने ती ठोकली त्या भागवत मिस्त्रीला बोलवा आणि फळी वर घ्या. दुपारी बायका यायला लागल्या. चैत्रगौरीची आरास मी स्वतः केली होती, तेवढी एकच गोष्ट आत्यांनी माझ्यावर सोडली होती. सोडली म्हणजे काय, हळदीकुंकवाच्या बायकांत त्या यायच्याच नाहीत. आतच थांबायच्या. आंब्याची डाळ वाटीत भरून द्यायची आणि दाराआड व्हायचं. त्या काळात ते असंच होतं आणि कुणाला काही वाटत नसे.

प्रमिलावहिनी आल्या. थिएटरच्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, खुर्ची 'थाड' झाली आणि सगळ्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वहिनी परत बसल्या, परत उठल्या, आणि म्हणाल्या, "अगंबाई, मजाच आहे की! आम्ही मेलं हजारांचा सोफा घेतला, त्याला कुणी विचारत नाही." मग पडद्याचे काठ बघून झाले, गेरूचे डबे बघून झाले. मग सगळ्याजणी स्वयंपाकघराच्या दारात.

"काय गोड दिसतंय गं! अगदी नांदतं घर वाटतंय. बरण्या बघ कशा, जत्रेत बायका उभ्या राहिल्यासारख्या," कुणीतरी म्हणालं.

मी आता कुठे फुलायला लागले होते, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "वाटणारच. आत्यांचा हात लागलाय ना. शैलजा, तू नशीबवान हो. तुला काही करावंच लागलं नाही."

झालं. एवढी वर्षं थांबून, कर्ज काढून, माझं म्हणून एक स्वयंपाकघर मिळवलं, आणि तिथंही मी पाहुणीच. हसत "पन्हं आणते" म्हटलं आणि आत गेले. ओट्यावर पेले भरून तबकात ठेवलेले होते. तबक उचललं, सरळ झाले, आणि फळी डोक्यात बसली. तबक कलंडलं. पन्हं ओट्यावर, साडीवर, जमिनीवर.

"अगो बाई! लागलं का?" आत्या फडकं घेऊन धावल्या.

"हे घर माझं आहे की तुमचं?" मी ओरडले. "एकदा सांगून टाका ना मला! म्हणजे मी पिशवी भरते आणि दारामागं अडकवते!"

बाहेरचा सगळा कलकलाट एकदम थांबला. कुणीतरी उठलं असावं, खुर्ची 'थाड' वाजली.

आत्या जमीन पुसत खाली बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "तुझंच गं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

मग उठल्या, राहिलेलं पन्हं दुसऱ्या पातेल्यातून पेल्यांत ओतलं, तबक पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "जा. बायका खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा घेता घेता आत्या यांना म्हणाल्या, "राजा, मला श्रीरामपूरच्या गाडीत बसवून दे आज. आपल्या सदाच्या सुनेला दिवस गेलेत. तिथं बघायला हवं."

"अहो, तिला आत्ता कुठं तिसरा लागलाय," हे म्हणाले.

"तिसऱ्यातच जपायचं असतं."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबशा उचलल्या. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी चीड येत होती. एकदा म्हटलं, जाऊ देत. किती दिवस चालायचं हे? दोन बायका आणि एक ओटा म्हणजे रोजची कटकट. त्या गेल्या की फळी वर जाईल, पायपाट बंबात जाईल आणि मी पहिल्यापासून सगळं माझं मांडीन. हेच तर हवं होतं मला.

हे गाड्यांची चौकशी करायला स्टँडवर गेले, आणि भागवत मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे. आत्या बाहेरच्या खोलीत थिएटरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर खाकी पिशवी. मिस्त्रींना बघून त्यांनी पिशवी बाजूच्या खुर्चीवर ठेवली, पण उठल्या नाहीत.

"काय वहिनी, फळी हलवायची म्हन्ले साहेब?" मिस्त्री आत येत म्हणाले. "काय झालं? ढिली झाली का?"

"ढिली नाही. खाली झाली. चांगली हातभर वर घ्या. माझं डोकं फुटायची पाळी आलीय."

मिस्त्रींनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "आरं तिच्या. हे तुमच्या मापाचं न्हाईच की."

"मग कुणाच्या मापाचं आहे? भिंतीला विचारून ठोकलीत का?"

"न्हाई वो. मी टेपानं ठोकतच न्हाई कधी. माझ्या बापाची रीत हाय. सैपाकघरातली फळी मारायची तर घरातल्या बाईला उभं करायचं, हात वर करा म्हनायचं, टाच न उचलता जिथवर बोटं जातील तिथं पेन्सलीनं खूण. त्याच्या एक वीत खाली फळी." त्यांनी एक बरणी सरकवली. "ही बघा, हाय अजून."

फळीच्या वर, भिंतीच्या नव्या रंगावर, पेन्सिलीची एक बारीक रेघ होती.

"त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर. मी विचारलं, घरातली बाई कोन? उभं ऱ्हायला लागंल. आत्याबाई एकल्याच होत्या. त्यांनी पयलं मागं वळून बघितलं, कुनी हाय का मागं म्हनून. मंग पदराला हात पुसला आन् केला वर." मिस्त्री हसले. "मी खूण केली, फळी कापायला बसलो, तरी ह्या आपल्या हात वर धरून उभ्या. मी म्हन्लं, आत्याबाई, झालं, घ्या की खाली. तवा घेतला."

मी बोटाने ती रेघ चाचपली.

"मंग ओटा त्यांना उंच पडत व्हता, म्हनून खाली ह्यो पाट केला. मला वाटलं, त्याच घरातल्या. माझी चूक झाली वहिनी. करा हात वर, देतो तुमच्या मापानं मारून."

"हं," मी म्हणाले आणि हात वर केला. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून स्टुलावर चढले. हात वर धरला होता म्हणून असेल, मला फळी नीट दिसली. कोपऱ्यात पितळी डब्याची जागा रिकामी होती. तिथं एक गोल तेवढा उरला होता, बाकी फळीवर धूळ नव्हती तरी ओळखू येणारा. आणि मला आठवलं, गेले कितीतरी दिवस दारामागच्या खिळ्याला पिशवी नव्हती. मी रोज त्या खिळ्याला पर्स अडकवत होते. पिशवी कुठं गेली, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईने जन्मात पहिल्यांदा पिशवी रिकामी केली होती, आणि ती घडी करून कुठंतरी ठेवून दिली होती. काल मी ओरडले नेमकं पिशवीवरूनच.

"बोटं ताणू नका वहिनी, सरळ ठेवा," मिस्त्री म्हणाले.

मी हात खाली घेतला.

"आत्या!" मी हाक मारली. आवाज चिडकाच निघाला. रडू येऊ लागलं की माझा आवाज चिडतो, आजही. "जायफळ कुठं ठेवलंय?"

बाहेरून उत्तर आलं, "धण्याच्या बरणीमागं. छोट्या बाटलीत."

"नाही दिसत."

"अगं, समोरच आहे."

"समोर फळी आहे माझ्या. मला काही दिसत नाही."

खुर्ची 'थाड' वाजली. आत्या आल्या, पायपाटावर चढल्या आणि माझ्याकडे बघत बघतच हात वर केला. न बघता धण्याची बरणी बाजूला, न बघता बाटली हातात. टाच जरासुद्धा उचलली नाही. खाली उतरून बाटली माझ्या हातात ठेवली.

"हे काय इथंच होतं. शोधायचं म्हणून नाही. आता मिस्त्री वर फळी मारतील तेव्हा सगळं तुझ्या मनासारखं लाव हो."

"मी नाही लावणार," मी म्हणाले. "मला येत नाही ते. तुम्ही सगळं असं करून ठेवलंय की तुमच्याशिवाय कुणाला जायफळ सापडायचं नाही. आणि आता निघालात श्रीरामपूरला. ही काय रीत झाली?"

आत्यांना काही कळेना. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री स्टुलावर उभे राहून पेन्सिलीचं टोक बघत होते.

"अगं पण तुझं डोकं..."

"डोकं माझं आहे, मी बघीन त्याचं काय करायचं ते. फळी तुमची आहे. तुम्ही गेलात तर मात्र मी ती आजच्या आज उपटून बंबात घालणार, सांगून ठेवते. काय ते ठरवा. मिस्त्री काही दिवसभर थांबायचे नाहीत."

आत्या पदराचं टोक घेऊन फळीची कड पुसत राहिल्या. फळी स्वच्छच होती. मग बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या. पिशवीची चेन वाजली. परत आल्या तेव्हा हातात पितळी डबा होता. पायपाटावर चढून त्यांनी तो त्या गोलावर ठेवला, थोडा फिरवून नीट बसवला.

"मिस्त्री," मी म्हणाले, "बाकाची एक फळी उरलीय बाल्कनीत. ती वर मारा. माझ्यासाठी. हिला हात लावायचा नाही."

हे स्टँडवरून धापा टाकत आले. "दुपारची गाडी आहे, जागा मिळेल."

"कुणाला?" आत्यांनी विचारलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आठ दिवसांसाठी आलेल्या आत्या आमच्याकडून पुढे कुठंच गेल्या नाहीत. बाळंतपणं करायला जायच्या, पण पिशवी अर्धीच भरून, आणि 'घरी कामं पडलीत' म्हणून लवकर परत. आमचं सूत जमलं असं मात्र कुणी समजू नये. शेवटपर्यंत त्या माझ्या चमच्यांच्या जागा बदलत राहिल्या, मी त्या परत बदलत राहिले आणि दिवसाआड एकदा तरी त्या फळीने माझं डोकं फोडलं. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पांढरी कपाटं करण्याइतकी ऐपत मधल्या काळात कधीच आली होती. मिस्त्रींचा मुलगा मापं घ्यायला येऊनही गेला. मीच पुढं ढकललं. काही ना काही निघतच राहिलं.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. वरच्या फळीवरच्या बरण्या मग एकेक करून खाली आल्या, आता वरती फक्त यांच्या औषधांची रिकामी खोकी आहेत. खालच्या फळीवर सगळं हाताला येतं.

परवा आमची लेक केतकी आली. अंगापिंडाने माझ्यावरच गेलीय. आल्या आल्या चहा करते म्हणून ओट्याशी गेली, वाकून गॅस लावला, सरळ झाली आणि डोकं आपटलं.

"आई गं! आई, ही फळी काढून टाक ना आता! कुणाला हवीय ही इतकी खाली?"

मी मोरीपाशी भांडी विसळत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

"मला," म्हणाले. "उठताना जरा मागं सरून उठावं."